पारव्याचं पिल्लू आणि आपली अर्धवट दया

खान्देशातल्या जुन्या बांधीव विहिरीत डोकावलं की पाणी नंतर दिसतं, आधी पारवे उडतात. पाच-दहा पंखांची फडफड एकदम वर येते, माणूस दचकून मागे सरतो, आणि मग खाली दगडाच्या खाचेतून एखादं पिल्लू चिरचिरतं. आमच्या धुळे-जळगाव भागात धाब्याची घरं होती तेव्हा भिंतीतल्या भोकांतही हेच बिऱ्हाड असायचं. आता स्लॅब आले, पत्रे आले, विहिरींवर जाळ्या आल्या. पारव्याने मात्र गाव सोडलं नाही. तो जिनिंगच्या शेडमध्ये गेला, शाळेच्या व्हरांड्यात गेला, बाजार समितीच्या पत्र्याखाली जाऊन बसला.

गाव सोडलं नाही म्हणून त्याची पिल्लंही आपल्याच पायाशी पडतात. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा तापलेल्या पत्र्याखालून ती उडी घेतात. संक्रांतीला आई-बाप मांजात अडकतात आणि घरट्यात पिल्लं उपाशी राहतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली, पण बंदी कागदावर आणि मांजा पोरांच्या हातात, हे आपण दरवर्षी पाहतोच.

असं पिल्लू दिसलं की दोनच गोष्टी होतात. कुणी त्याला तसंच मांजरापुढे सोडून जातं, नाहीतर कुणाला दया येते आणि तो त्याच्या चोचीत दूध ओततो. दुसऱ्या प्रकारात पिल्लू मरायला थोडा जास्त वेळ लागतो, एवढाच फरक. हे मी कुणाला नावं ठेवायला लिहीत नाही. असं एक पिल्लू मी स्वतः मारलेलं आहे.

सांगायचं राहून गेलेलं वाक्य

गोष्ट २०२२ च्या जूनमधली. धुळे तालुक्यातल्या एका गावात ज्वारीच्या बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक घेतलं होतं. खोडमाशीसाठी इमिडाक्लोप्रिड लावायचं, हातमोजे घालायचे, बियाणं सावलीत सुकवायचं आणि लगेच पेरायचं, हे सगळं नेहमीप्रमाणे सांगितलं. शेतकऱ्याने निंबाच्या सावलीत ताडपत्रीवर बियाणं पसरलं. आम्ही चहा घेतला, मी दुसऱ्या गावाला निघून गेलो.

दुसऱ्या दिवशी त्याच शेतकऱ्याचा सहावीतला मुलगा मला चौफुलीवर भेटला. हातात टोपली, टोपलीत फडकं, फडक्यात दोन पिल्लं. म्हणाला, "भाऊसाहेब, यानी माय मरी गई. आते याले काय देवानं?" विहिरीजवळ दोन पारवे मरून पडले होते. नर नेहमीचा निळसर राखी, मादी मात्र विटकरी पट्ट्यांची; कुणाच्या तरी पाळीव थव्यातून फुटून आलेली असावी. ताडपत्रीवरचं बियाणं त्यांनी टिपलं होतं. "सावलीत सुकवा" हे मी सांगितलं होतं, "झाकून सुकवा" हे सांगायचं राहून गेलं होतं.

पिल्लं दहा-बारा दिवसांची होती. पिवळी लव अजून अंगावर, त्यातून पिसांच्या काड्या फुटलेल्या. एकाच्या काड्यांच्या टोकाला विटकरी रंग, दुसऱ्याच्या टोकाला पाटीसारखा निळा. पारावर बसलेल्यांपैकी एका आबांनी लगेच निकाल दिला, "लाल ठेव, त्याले किंमत शे. दुसरं सोडी दे." मुलाने दोन्ही माझ्या हातात दिली. त्याला वाटलं, शेतकीवाला साहेब म्हणजे त्याला येत असणार.

मला येत नव्हतं. कृषी पदविकेत पिकं शिकलो, खतं शिकलो, कोंबड्याही शिकलो; पारवा कुणी शिकवला नाही. मी घरी नेऊन गाईचं कोमट दूध ड्रॉपरने चोचीत सोडलं. लाल पिल्लाने दोन थेंब गिळले, मग मान झटकली, नाकातून दूध आलं, आणि रात्री ते गेलं. सकाळी दुसरं घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. डॉक्टर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "दूध श्वासनळीत गेलं. आणि गेलं नसतं तरी पचलं नसतं." मग त्यांनी जे शिकवलं आणि पुढच्या तीन वर्षांत सात-आठ पिल्लं हाताखालून गेल्यावर जे कळलं, ते खाली देतो. दया सगळ्यांकडे असते. रीत नसते.

आधी ऊब, मग दाणा

पहिली गोष्ट, पिल्लू उचलायची घाई करू नका. आई-बाप जिवंत असतील आणि घरटं सापडत असेल तर पिल्लू परत घरट्यात ठेवा. माणसाचा हात लागला की पाखरू पिल्लाला टाकून देतं, हा समज पारव्याच्या बाबतीत खोटा आहे. घरटं मोडलं असेल तर जवळच एखादी टोपली किंवा खोका उंच, सावलीत बांधून त्यात पिल्लू ठेवा आणि लांबून पाहा. आई-बापाइतकं चांगलं पिल्लू कोणीच वाढवू शकत नाही.

आई-बाप मेलेच असतील तर मात्र जबाबदारी तुमची. वय ओळखायला शिका. डोळे मिटलेले, नुसती पिवळी लव असेल तर पिल्लू चार-पाच दिवसांच्या आतलं. पिसांच्या काड्या फुटल्या असतील तर आठवडा उलटलेला. अंगभर पिसं पण डोक्यावर चार पिवळे केस उभे असतील तर तीन ते चार आठवड्यांचं. महिना-सव्वा महिन्याचं झालं की ते आपण होऊन घरट्याबाहेर पडतं.

थंड पडलेल्या पिल्लाला काहीही भरवू नका, त्याला पचतच नाही. आधी खोक्यात फडकं टाकून बल्बची किंवा कापडात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटलीची ऊब द्या. हाताला पिल्लू गरम लागलं की मग खाणं. उन्हाळ्यात उलट करा: चोच उघडून धापा टाकत असेल तर आधी सावली, वारा आणि पाणी.

आता दुधाचं. पारव्याची मादी आणि नर, दोघंही पिल्लासाठी गळ्याखालच्या दाण्याच्या पिशवीत दह्यासारखा एक पदार्थ तयार करतात. त्यालाच लोक कबुतराचं दूध म्हणतात. पहिला आठवडाभर पिल्लू जवळपास त्यावरच असतं, मग त्यात हळूहळू भिजलेले दाणे मिसळायला लागतात. या दुधात प्रथिनं आणि स्निग्धांश भरपूर, पण गाई-म्हशीच्या दुधातली साखर त्यात नसते. ती पचवायची सोयच पाखराच्या पोटात नाही. म्हणून दूध नको, दूध-पोळी नको, दूध-पावही नको.

आठवड्याच्या आतलं पिल्लू वाचवणं अवघड, हे खरं सांगितलं पाहिजे. तरी प्रयत्न करायचा तर ब्रॉयलर पिल्लांचं प्री-स्टार्टर खाद्य तालुक्याच्या गावी मिळतं. ते बारीक करून कोमट पाण्यात पातळ कालवा. पारव्याचं पिल्लू चिमणीच्या पिल्लासारखं आ करत नाही. ते स्वतःची चोच आईच्या चोचीत घुसवून ओढून घेतं. म्हणून जाड प्लॅस्टिकच्या पिशवीचा कोपरा कापून छोटं भोक करा, त्यात कालवण भरा आणि पिल्लाची चोच त्या भोकात जाऊ द्या. ते स्वतःच ओढतं. दिवसा दर दोन-तीन तासांनी द्या.

दहा-बारा दिवसांवरच्या पिल्लाचं काम सोपं आहे. रात्री भिजवलेले मूग, मटार, मऊ झालेला हरभरा किंवा मका कोमट करा. पिल्लू फडक्यात गुंडाळून मांडीवर घ्या, चोच बाजूने हलकेच उघडा आणि दाणा जिभेच्या मागे ठेवा. ते गिळतं. एक झाला की दुसरा. गळ्याखालची पिशवी अर्ध्या पाण्याने भरलेल्या फुग्यासारखी मऊ लागली की थांबा, टणक होऊ देऊ नका. ती रिकामी झाली की पुढचं खाणं. दिवसातून तीन-चार वेळा पुरतं.

पाणी चोचीत कधीही ओतू नका. पारवा इतर पाखरांसारखा मान वर करून पाणी पीत नाही. चोच बुडवून तो गुरासारखं ओढून पितो. उथळ वाटीत चोचीचं टोक बुडवा, त्याला कळतं. माझं लाल पिल्लू याच एका अज्ञानाने गेलं.

घशात पिवळसर दह्यासारखा थर दिसला, चोचीवर किंवा पायावर गाठी आल्या, मान पिळवटली, तर घरगुती उपाय करत बसू नका, दवाखाना गाठा. आणि पारव्याचं पिल्लू कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी ठेवू नका. २००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच शेजारी नवापूरला निघाला, लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या, २०२१ मध्ये तो तिथे पुन्हा आला. ज्यांची खुराडी रिकामी झाली त्यांना विचारा. विष्ठा कोरडी झाडू नका, पाणी शिंपडून ओली करून काढा, तोंडाला रुमाल बांधा, हात धुवा. तिची धूळ फुप्फुसाला वाईट.

लाल कुठून आला?

तो सहावीतला मुलगा पिल्लू बघायला येत राहिला. त्याचा एकच प्रश्न होता: बाप निळा, आई विटकरी, मग एक पिल्लू लाल आणि एक निळं कसं? प्रश्न साधा नव्हता. उत्तर शोधताना मला कळलं की कबुतराचा रंग म्हणजे शेतकऱ्याला बियाणं समजावून सांगायचा सगळ्यात सोपा धडा आहे.

कबुतराचे मूळ रंग तीनच: विटकरी झाक असलेला राखी-लाल, पारव्याचा निळा आणि तपकिरी. लाल निळ्यावर भारी, निळा तपकिरीवर भारी. यांचा गुण लिंगाशी बांधलेला असतो. पाखरांत नराकडे तो गुण दोन वाट्यांनी येतो, मादीकडे एकाच वाट्याने, आणि तो वाटा तिला बापाकडूनच मिळतो. म्हणून बाप निळा आणि आई लाल असेल तर मुली बापासारख्या निळ्या आणि मुलगे आईसारखे लाल. म्हणजे आमच्या टोपलीत मेलेला लाल होता नर आणि वाचलेली निळी होती मादी. काही जातींच्या कोंबड्यांची पिल्लं पहिल्याच दिवशी रंगावरून नर-मादी निवडतात, तीच युक्ती.

बाकी सगळी नक्षी या तीन रंगांवर चढते. पंखावर दोन काळे पट्टे असले की तो आपला नेहमीचा पारवा. पंखभर ठिपके-चौकटी असतील तर ठिपक्यांचा. रंग पट्टे बुजवून अंगभर सारखा पसरला की काळा. पांढरे-काळे केस मिसळल्यासारखा तीळ-तांदळी, ठिगळं असलेला कबरा. रंग फिका करणारा गुणही असतो. त्याने निळ्याचा चंदेरी होतो. अशा फिक्या रंगाच्या पिल्लाला जन्मतः लव फारच आखूड असते. लोक ते उघडं पिल्लू रोगट समजून फेकून देतात. रोगट नसतं, त्याचा रंगच तसा यायचा असतो. मानेवरचा हिरवा-जांभळा झगमगाट मात्र रंगाचा नव्हे, पिसाच्या बांधणीवर खेळणाऱ्या उजेडाचा. पिल्लाला तो नसतो. पहिली पिसं झडून नवी आली की येतो.

कधी दोन निळ्यांच्या पोटी अंगभर गडद लाल पिल्लू निघतं आणि लोक अंडं बदललं म्हणतात. अंडं बदललेलं नसतं. तो गुण दोघांत झाकलेला होता, एकत्र आल्यावर उघडा पडला. संकरित बियाण्याचं पीक घरी धरून पुढच्या वर्षी पेरलं की रान एकसारखं का येत नाही, हे मी वर्षानुवर्षं तक्ते दाखवून सांगत होतो. आता कबुतराचं उदाहरण देतो, लगेच कळतं.

या रंगांचं वेड जुनं आहे. अकबराच्या दरबारात वीस हजारांवर कबुतरं होती आणि ती उडवण्याच्या खेळाला इश्कबाजी म्हणत, असं अबुल फजलने आइन-ए-अकबरीत लिहून ठेवलं आहे. लक्का, लोटण, गिरेबाज, शिराजी ही नावं आपल्या शहरांतल्या शौकिनांच्या तोंडी आजही आहेत. इंग्लंडात चार्ल्स डार्विनने तर घरी कबुतरं पाळून प्रयोग केले. पांढरा लक्का आणि काळं कबूतर यांचा संकर करत गेल्यावर नातवंडांत एक पाखरू निळं निघालं, पंखावर दोन काळे पट्टे असलेलं. १८५९ च्या आपल्या ग्रंथात त्याने हे लिहिलं आहे. म्हणजे वरचा रंग कितीही झगझगीत असो, खाली खोदत गेलात तर विहिरीतला पारवाच निघतो.

रंगाची किंमत, जिवाची नाही

माझं म्हणणं इथे आहे. जे आबा "लाल ठेव, दुसरं सोडी दे" म्हणाले, ते एकटे नाहीत. आठवडे बाजारात कोंबडीची पिल्लं गुलाबी-हिरवी रंगवून विकतात आणि आपण पोरांना घेऊन देतो; दोन दिवसांनी ती मरतात. समारंभात पांढरी कबुतरं शांतीचा दूत म्हणून सोडतात. खुराड्यात वाढलेलं ते पाखरू कुठे दाणा, कुठे पाणी ओळखत नाही. पांढऱ्या रंगामुळे शिकऱ्याला लांबून दिसतं. टाळ्या संपायच्या आत त्याचा शेवट सुरू झालेला असतो. आपल्या तालुक्यातल्या शाळांनी हा प्रकार बंद करावा आणि त्या दिवशी एक झाड लावावं, अशी माझी सूचना आहे.

दुसऱ्या बाजूचंही ऐकून घेतलं पाहिजे. शेतकरी विचारतो, पेरणीला पारवे दाणा उकरतात, त्यांची पिल्लं का वाचवायची? खळ्यावरचं धान्य खातात, ते कुणी भरून द्यायचं? प्रश्न रास्त आहे. पारवा दुर्मीळ नाही, शहरांत तर वाढतोच आहे. थवे पोसा असं मी मुळीच म्हणत नाही. २०२५ मध्ये मुंबईत दादरच्या कबुतरखान्यावरून काय रान पेटलं, ते सगळ्यांनी पाहिलं. महापालिकेने तो ताडपत्रीने झाकला, लोक रस्त्यावर आले, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. एका बाजूला श्रद्धा, दुसऱ्या बाजूला फुप्फुसाचे रोगी. त्यातून मी एवढंच घेतलं की पोतंभर दाणा चौकात ओतणं ही दया सोपी आहे, कारण त्यात पाखराकडे बघावं लागत नाही. पडलेलं एक पिल्लू महिनाभर सांभाळून थव्यात परत सोडणं ही वेगळी गोष्ट आहे. त्यात पाखरांची संख्या वाढत नाही, माणसाचं लक्ष वाढतं.

आणि सोडायचंच, हे लक्षात ठेवा. पिल्लू आपण होऊन दाणे टिपायला लागलं, घरात नीट उडायला लागलं की पिंजरा थव्याच्या दृष्टीस पडेल असा आठवडाभर बाहेर ठेवा, मग सकाळच्या वेळी दार उघडा. होला आणि हरियाल यांची पिल्लं सापडली तर ती मात्र पाळायचीच नाहीत. ती रानाची आहेत, हरियाल तर आपल्या राज्याचा पक्षी. वनखात्याला कळवा.

शेतकरी बंधूंना माझ्या खात्यापुरती एक विनंती. बीजप्रक्रिया सोडू नका, ती गरजेची आहे. पण बियाणं सावलीत सुकवताना वरून साडी किंवा जाळी टाका आणि एक माणूस बसवा. पेरताना दाणा मातीआड गेला पाहिजे, बांधावर आणि वळणावर सांडलेला दाणा पायाने झाकला पाहिजे. उरलेलं औषध लावलेलं बियाणं उकिरड्यावर टाकू नका, खोल पुरा. लहान पाखराला त्यातले मोजके दाणेही घातक ठरतात, आणि ते दाणे खाणारी तुमची कोंबडीही असू शकते. प्रात्यक्षिकात हे वाक्य आता मी सगळ्यात आधी बोलतो. ते बोलताना दरवेळी टोपली आठवते.

वाचलेली निळी मादी ऑगस्टमध्ये सोडली. मुलगा आला होता. ती निंबावर बसली, मग विहिरीकडे गेली. विहिरीतल्या थव्यात शिरल्यावर तिला ओळखायची काही सोय राहिली नाही. सगळे पारवे सारखेच दिसत होते. मुलगा थोडा हिरमुसला. म्हणाला, "लाल ऱ्हातं ते वळखू येतं." बरोबर आहे त्याचं. पण ओळखू येत नाही म्हणूनच ती तिथे टिकेल, हे त्याला सांगितलं. त्याला किती पटलं माहीत नाही. जाताना मात्र त्याने बांधावर सांडलेले दाणे पायाने मातीआड केले.